वापरलेली माउंटन बाइक पारखताना

जुनी सायकल विकायला काढणारे लोक जाहिरातीत एक वाक्य हमखास लिहितात : ‘फारशी वापरलेली नाही, पार्किंगमध्येच उभी असते.’ या वाक्याने घेणाऱ्याला धीर यावा अशी त्यांची अपेक्षा असते, आणि नवख्या माणसाला तो येतोही. गेल्या वर्षी माझी पहिली माउंटन बाइक शोधताना पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मी वाकून, बसून, हात काळे करून ज्या सायकली पाहिल्या, त्यांवरून माझे मत मात्र नेमके उलट झाले आहे. चार पावसाळे एका जागी उभी राहिलेली सायकल आणि चार पावसाळे कच्च्या रस्त्यांवर चाललेली, पण वेळच्या वेळी दुरुस्त होत आलेली सायकल यांतून निवड करायची असेल, तर नवशिक्याने दुसरी घ्यावी. चाललेल्या सायकलीचे दोष डोळ्यांना दिसतात, हातांना जाणवतात आणि त्यांची किंमत आधी काढता येते. उभ्या सायकलीचे दोष तिचे बेअरिंग उघडल्याशिवाय कळत नाहीत.

मला सायकल हवी होती ती पानशेत आणि मुळशीकडच्या कच्च्या रस्त्यांसाठी, जिथे मुरूम, खडी, बैलगाडीची चाकोरी आणि मध्येच उघडा पडलेला काळा कातळ असे सगळे एकाच चढावर भेटते. उड्या मारण्याची किंवा शर्यतींत उतरण्याची इच्छा नव्हती. दुरुस्ती धरून पंधरा हजार रुपयांच्या आत सगळे बसवायचे होते. एवढ्या पैशांत नवी सायकल येते, परंतु तिचा फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के झेलणारा दुहेरी दांडा), ब्रेक आणि मागचे हब (चाकाचा मधला, धुऱ्याभोवती फिरणारा भाग) त्या किमतीला साजेशाच दर्जाचे असतात. याउलट एके काळी पंचवीस-तीस हजारांना घेतलेली सायकल काही वर्षांनी याच पैशांत मिळू शकते, आणि तिची फ्रेम आणि चाके मुळातच वरच्या दर्जाची असतात. शिवाय २०२० च्या टाळेबंदीनंतर गिअरच्या सायकलींना अचानक मोठी मागणी आली होती. त्या लाटेत घेतलेल्या अनेक सायकली कचेऱ्या पुन्हा सुरू झाल्यावर खांबाला साखळी घालून उभ्या राहिल्या, आणि आज जुन्या मालात त्यांचा भरणा मोठा आहे. निवडीला वाव आहे, म्हणूनच पारखून घेण्याची गरजही आहे.

माउंटन बाइक हा प्रकार जन्मला तोच मुळी वापरलेल्या सायकलींतून, हे मला या शोधाच्या काळात कळले आणि त्याचा मनापासून आनंद झाला. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण मंडळी १९३० आणि ४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या श्विन कंपनीच्या सायकली गोळा करून डोंगरावर नेत आणि वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडत. त्या सायकलींना मागच्या हबमध्ये, पायडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक असे. सुमारे १३०० फूट उतरेपर्यंत तो इतका तापायचा की आतले ग्रीस जळून जायचे आणि हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागायचे. म्हणूनच १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीला ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे, हे नाव पडले. पुढे त्यांच्यातल्याच जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास याच कामासाठी पहिली फ्रेम बनवली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड या कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली. परंतु त्याआधीची सगळी वर्षे हा खेळ दुसऱ्याने वापरून टाकलेल्या, पण उघडून, साफ करून, ग्रीस भरून पुन्हा जोडलेल्या सायकलींवर चालला. जुनी सायकल घ्यायची म्हणजे ती उघडायची तयारी ठेवायची, हे त्या मंडळींना गृहीतच होते.

माझ्या बाबतीत सर्वांत आधी आडवे आले ते माप. माझी उंची ५ फूट ३ इंच आहे आणि विकायला असलेल्या सायकलींपैकी मला दिसलेल्या बहुतेक सायकली मध्यम किंवा मोठ्या फ्रेमच्या होत्या. फोनवर ‘साइज काय?’ असे विचारले की उत्तर यायचे, ‘सव्वीस इंची’. हे चाकाचे माप असते. फ्रेमचे माप वेगळे असते, ते सीटखालच्या नळीवर किंवा तिच्या बुडाशी एस, एम, एल या अक्षरांत अथवा इंचांत लिहिलेले असते, आणि नवशिक्याला महत्त्वाचे असते तेच. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सायकलीच्या आडव्या नळीवर उभे राहिल्यावर नळी आणि शरीर यांत निदान दोन इंच जागा राहिली पाहिजे, कारण उतारावर अचानक पाय टेकावा लागतो तेव्हा ती जागाच वाचवते. त्यानंतर सीटवर बसून हँडल धरावे. कोपर किंचित वाकलेले राहत असतील तर ठीक. हात ताठ होऊन खांदे पुढे ओढले जात असतील, तर ती सायकल कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. सीट खाली-वर करता येते, हँडलचा दांडा थोडा आखूड घालता येतो, परंतु फ्रेमची लांबी बदलता येत नाही. उंचीने लहान असलेल्या स्त्रियांना दुकानदारही सर्रास ‘सीट खाली घेऊ, होऊन जाईल’ असे सांगतात. ते मानू नये. मापाची सायकल येईपर्यंत थांबण्यात मला दोन महिने गेले आणि त्या दोन महिन्यांत इतर गोष्टी शिकायला अवधी मिळाला.

चाकाच्या मापाचाही एक व्यवहारी भाग आहे. माउंटन बाइकमध्ये २६, २७.५ आणि २९ इंच अशी तीन मापे आढळतात. टायर रिमवर जिथे बसतो तिथला त्यांचा व्यास अनुक्रमे ५५९, ५८४ आणि ६२२ मिलिमीटर असतो, आणि हा आकडा टायरच्या भिंतीवर ‘५४-५८४’ अशा जोडीने छापलेला असतो. जुन्या सायकलींत २६ इंची पुष्कळ मिळतात आणि त्या स्वस्तही असतात, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत बहुतेक कंपन्यांनी प्रौढांच्या चांगल्या माउंटन बाइक दुसऱ्या दोन मापांत काढल्या आहेत. २६ इंची सायकल घेणे चूक नाही. साधे टायर आणि ट्यूब तिला कुठेही मिळतात. परंतु तिचा फोर्क निकामी झाला तर बदली फोर्क शोधणे कठीण जाते, आणि कच्च्या रस्त्याचे चांगले पकड असलेले टायरही या मापात कमी होत चालले आहेत. म्हणून २६ इंची सायकल पाहायची असेल, तर तिचा फोर्क उत्तम स्थितीत असलाच पाहिजे, अशी अट मी स्वतःला घालून घेतली होती.

आता उभ्या राहिलेल्या सायकलीकडे वळते. कोथरूडमधल्या एका सोसायटीत पाहिलेली सायकल लांबून अगदी नवी दिसत होती. रंगावर ओरखडा नव्हता, पायडलवरचे दातही झिजलेले नव्हते, आणि विकणारे गृहस्थ प्रामाणिकपणे सांगत होते की तिच्यावर जेमतेम काही रविवार फिरणे झाले आहे. मी पुढचे चाक जमिनीपासून उचलले आणि हँडल एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश फिरवले, तेव्हा सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडत होते. हँडल ज्याच्यावर फिरते त्या हँडलखालच्या हेडसेटमधल्या छर्ऱ्यांनी एकाच जागी राहून वाटीत खड्डे पाडले किंवा तिथे गंज धरला, की असे होते. दोन्ही टायरची हवा केव्हाच गेलेली असल्याने सायकल रिमच्या भारावर उभी होती आणि टायरच्या भिंतींना बारीक भेगांचे जाळे पडले होते. असे रबर हवा भरल्यावर फुगते, पण खडीवर फाटते. फोर्कच्या वर-खाली होणाऱ्या नळ्यांवर तांबूस ठिपके आले होते. स्वस्त आणि मध्यम दर्जाच्या फोर्कमध्ये या नळ्या पोलादी असून त्यांवर क्रोमचा मुलामा असतो. फोर्क दाबला जात राहिला तर आतल्या ग्रीसचा पातळ थर त्यांच्यावर फिरत राहतो; तो थांबला की पुण्याच्या पावसाळी दमटपणात गंजाला वाट मिळते, आणि हा गंज पुढे प्रत्येक दाबाबरोबर वरच्या सीलला कापत जातो. सीटची नळी तर हलायलाच तयार नव्हती. ॲल्युमिनियमची नळी ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षे ग्रीसशिवाय बसून राहिली की दोन्ही धातूंवर जमणाऱ्या थराने ती घट्ट धरली जाते, आणि मग ती काढताना फ्रेमलाच इजा होण्याची भीती असते. त्या गृहस्थांनी काहीही लपवले नव्हते. त्यांच्या दृष्टीने सायकल नवीच होती, आणि माझ्या दृष्टीने हेडसेट, टायर, ट्यूब आणि कदाचित फोर्क, एवढा खर्च तिच्यात दडलेला होता.

दोन्ही बाजूंना शॉकअप असलेल्या स्वस्त सायकलींबद्दल फार लिहीत नाही. पंधरा हजारांच्या आत येणाऱ्या अशा सायकलींत मागचा शॉकअप म्हणजे नुसती स्प्रिंग असते, चढावर पायडलचा जोर तीच खाते, आणि वजन सहज अठरा किलोच्या पुढे जाते. शिकणाऱ्याने मागे शॉकअप नसलेली, फक्त पुढे साधारण १०० मिलिमीटर दबणारा फोर्क असलेली सायकल घ्यावी. बिघडण्याजोगे भाग तिच्यात कमी असतात, आणि जुन्या मालात प्रत्येक कमी सांधा हा फायदाच असतो.

फ्रेम तपासायला मी एक ओला फडका आणि मोबाइलचा टॉर्च नेत असे. मातीखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय बोलणी सुरू करायची नाहीत, हा माझा नियम होता. हँडलच्या नळीला जिथे खालची तिरकी नळी जोडली आहे त्या सांध्यामागे रंगाला सुरकुत्या पडल्या असतील किंवा नळीला फुगवटा आला असेल, तर सायकल समोरून कशावर तरी जोरात आदळलेली असते. सीटची नळी आणि आडवी नळी यांचा सांधा, पायडलच्या धुऱ्याभोवतालचा भाग आणि मागचे चाक जिथे बसते ती टोके या तीन जागी केसाएवढी बारीक रेघ शोधावी. पुसल्यावर नाहीशी होते ती मातीची, पुसूनही तशीच राहते ती तडा असण्याचा संभव असतो. पोलादी फ्रेम जाणकार माणूस वेल्डिंगने दुरुस्त करू शकतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मात्र वेल्डिंगनंतर पुन्हा ठरावीक उष्णता-प्रक्रिया द्यावी लागते, तेव्हाच तिची मूळची ताकद परत येते, आणि ती सोय रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात नसते. म्हणून डाग दिलेली ॲल्युमिनियमची फ्रेम मोफत मिळाली तरी उतारावर नेण्याच्या लायकीची नव्हे, असे मी ठाम म्हणेन.

बाकीची तपासणी हाताने होते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवायची आणि दुसऱ्या हाताचे बोट हेडसेटच्या सांध्यावर ठेवायचे : टकटक जाणवली तर ती हेडसेटची की फोर्कची, हे बोटालाच कळते. दोन्ही पायडलचे दांडे धरून ढिलेपणा जाणवतो का ते पाहायला फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर ढकलायचे. चाकाची रिम पकडून तशीच आडवी हलवायची, मग चाक फिरवून रिम आणि ब्रेकचा रबर, किंवा तो नसेल तर फ्रेमला टेकवलेले बोट, यांतले अंतर पाहायचे, म्हणजे चाक किती आऊट, म्हणजे वाकडे, आहे ते समजते. थोडा वाकडेपणा स्पोक आवळून काढता येतो; रिमलाच चेप असेल तर तो निघत नाही. मागून पाहिले असता डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाची, दोन छोटी चाके मागच्या दातेरी चकत्यांच्या सरळ रेषेत खाली आली पाहिजेत. ती आत कललेली असतील तर सायकल उजव्या अंगावर पडलेली असते आणि डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती वाकलेली असते. ही पट्टी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, म्हणून बंद पडलेल्या मॉडेलची सायकल घेताना ती आजही मिळते का, हे आधी विचारून घ्यावे.

मागच्या हबविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण विकणारे गिअर किती आहेत ते सांगतात आणि हब कोणते आहे याचा उल्लेख कुणी करत नाही. सात गिअरच्या चकत्यांचे बहुतेक स्वस्त संच हबवर आट्याने बसवलेले फ्रीव्हील असतात. त्यांत उजव्या बाजूचे बेअरिंग फार आत राहते, धुऱ्याचा बराच भाग आधाराविना उरतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तो वाकतो किंवा तुटतो. आठ किंवा अधिक चकत्यांच्या बऱ्या सायकलींत कॅसेट, म्हणजे हबवर सरकवून बसवलेला चकत्यांचा संच, असते. तिथे बेअरिंग चाकाच्या टोकाजवळ असते आणि धुरा टिकतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. मागचे चाक काढून चकत्या उलट्या फिरवाव्यात. पाना बसण्याची मधली खाच चकत्यांबरोबर फिरली तर ती कॅसेट, खाच जागेवर राहिली आणि चकत्याच फिरल्या तर फ्रीव्हील. एकवीस गिअरच्या आकड्याने भुलून जाण्यापेक्षा ही एक गोष्ट पाहिली तरी सायकलीचा दर्जा कळतो. शिमानो या जपानी कंपनीच्या भागांवरची नावेही पाहावीत : टूर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे अशी ती चढत्या क्रमाने जातात. माझ्या कामाला आल्टस पुरेसे होते. त्याखालच्याची माझी मनापासून तयारी नव्हती, आणि त्यावरचे या पैशांत चांगल्या स्थितीत मला दिसले नाही.

शेवटी जी सायकल मी घेतली ती सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका मुलाची होती. दहावीनंतर घेतलेली ही लहान मापाची सायकल त्याला आता अपुरी पडत होती, कारण त्याची उंची वाढली होती. विकण्याचे इतके सरळ कारण मला दुसरीकडे ऐकायला मिळाले नव्हते. सायकल दिसायला मुळीच नवी नव्हती. खालच्या नळीवर खडी उडून रंगाचे टवके गेले होते, हँडलच्या टोकांची रबरे फाटली होती आणि मागचा टायर मधोमध गुळगुळीत झाला होता. ‘ताई, हिला मी पुष्कळ दामटलंय, आधीच सांगतो,’ तो म्हणाला, आणि लगेच घरातून एक पिशवी घेऊन आला, जिच्यात मूळ बिल आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांच्या पावत्या होत्या. चेन दोनदा बदललेली, पायडलचा धुरा एकदा, पावसाळ्यानंतर हब उघडून ग्रीस. त्या पावत्या वाचताना माझे निम्मे प्रश्न आपोआप सुटले.

उरलेले प्रश्न मी मोजून सोडवले. सायकलच्या चेनची प्रत्येक कडी बरोबर अर्धा इंच असते, म्हणून २४ कड्यांची लांबी एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंत १२ इंच भरली पाहिजे. चेन झिजते तशी ती लांबते. शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा मोठी, फूटभराची लोखंडी पट्टी लावून पाहावे : शेवटची पिन १२ इंचांच्या खुणेपुढे एक सोळांश इंच गेली असेल तर चेन बदलायला झाली, आणि एक अष्टमांश इंच गेली असेल तर त्या चेनने मागच्या चकत्याही खाल्लेल्या असतात, म्हणजे खर्च चेनबरोबर कॅसेटचाही धरावा लागतो. या सायकलीची चेन पहिल्या खुणेला जेमतेम पोहोचत होती. कॅसेट शाबूत होती. फोर्क पुढचा ब्रेक धरून अंगाचे वजन टाकले तेव्हा अर्ध्यापर्यंत दबला आणि कुठेही न अडकता वर आला; नळ्यांवर अंगठ्याचे नख फिरवले, ते कुठे अडले नाही. ब्रेक तारेवर चालणारे डिस्क ब्रेक होते. तेलावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक पकडीला सरस असतात यात शंका नाही. ते असतील तर लीव्हर दाबून मिनिटभर धरून ठेवावा आणि तो हळूहळू हँडलकडे बुडत जातो का ते पाहावे, शिवाय त्यात खनिज तेल लागते की डॉट प्रतीचे ब्रेक फ्लुइड, ते कंपनीप्रमाणे ठरते आणि एकाच्या जागी दुसरे भरले तर आतले रबरी सील खराब होतात, हेही लक्षात ठेवावे. तारेच्या ब्रेकला मात्र पानशेतच्या वाटेवर एका षटकोनी चावीने नीट करता येते, म्हणून मला त्यांचे वावडे नव्हते. डिस्कची जाडी पाहून घेतली. शिमानोची नवी डिस्क १.८ मिलिमीटर असते आणि १.५ वर आली की बदलावी असे कंपनी सांगते.

या सगळ्यानंतर चालवून पाहिली. सपाट रस्त्यावर गोल फेरी मारण्याने काही कळत नाही, चढ हवाच. चढावर सर्वांत मोठ्या चकतीवर चेन टाकून उभे राहून जोर दिला, तेव्हा ती घसरली नाही. उतारावर हात सैल सोडून पाहिले, सायकल एका बाजूला ओढत नव्हती. तो मुलगा आणि त्याचे वडील तोवर फाटकापाशी उभे होते. त्यांच्याकडे मी माझे ओळखपत्र आणि गाडीची किल्ली आधीच ठेवून गेले होते. अनोळखी माणसाच्या हाती सायकल देताना समोरच्याला जी धास्ती वाटते ती आपणच आधी दूर करावी, म्हणजे चालवून पाहायला पुरेसा वेळ मिळतो.

मग भावाची गोष्ट निघाली. त्यांनी चौदा हजार सांगितले होते. मी घासाघीस केली नाही, हिशेब मांडला : चेन, मागचा टायर, दोन्ही ट्यूब, ब्रेकचे पॅड, हँडलची रबरे, गिअरच्या तारा आणि सायकल पूर्ण उघडून ग्रीस भरण्याची मजुरी. कागदावर एकेक किंमत लिहून तो कागद मी त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा वडिलांनी तो वाचला, मुलाकडे पाहिले आणि साडेअकरा हजारांवर सौदा झाला. भाव पाडण्यासाठी दुसऱ्याच्या वस्तूला नावे ठेवण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, तिच्यापेक्षा हा मार्ग दोघांनाही मानाचा वाटतो. ज्याने सायकल जिवापाड सांभाळली आहे त्याच्यासमोर तिची निंदा करणे मला तरी जमले नसते.

कागदपत्रांत हयगय करू नये. शहरांत सायकली सर्रास चोरीला जातात आणि त्यांतल्या काही जुन्या म्हणून विकल्या जातात. पायडलच्या धुऱ्याखाली, फ्रेमच्या पोटाशी, क्रमांक कोरलेला असतो. सायकल उलटी करून तो वाचावा आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. तो घासून काढलेला असेल तर तिथून परत फिरावे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना, तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि बाजारभावाच्या पाव किमतीत बिलाशिवाय मिळणारी चांगली सायकल हे असे मानायला पुरेसे कारण ठरू शकते. मूळ बिल हरवलेले असणे स्वाभाविक आहे. अशा वेळी फ्रेमचा क्रमांक, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेली साधी पावती करून घ्यावी, आणि पैसे रोख न देता खात्यावर पाठवावेत.

सायकल घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती आमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांचा हात साध्या सायकलींवर बसलेला असला तरी कटोरी, छर्रे आणि ग्रीस यांचे ज्ञान दोन्हीकडे एकच असते. त्यांनी दोन्ही हब उघडले, जुने ग्रीस पुसून काढले आणि मागच्या हबचा ‘कोन’ (छर्रे ज्याच्यावर फिरतात तो निमुळता भाग) उजेडात धरून मला दाखवला. त्याच्यावर छर्रे फिरून पडलेला चकचकीत पट्टा एकसारखा होता, खळगा नव्हता. ‘चालवलेली आहे, पण पाण्यात ठेवलेली नाही,’ ते म्हणाले. एवढे वाक्य ऐकायला मी इतके महिने थांबले होते. पावसात भिजलेल्या सायकलीला जोरदार पाण्याच्या पाइपाने धुण्याची सवय अनेकांना असते. त्या दाबाने पाणी सीलच्या आत शिरते आणि बाहेर यायला त्याला वाट नसते, म्हणून आता मीही ती बादलीतले पाणी आणि मऊ ब्रश यांनीच धुते.

दुरुस्तीचा खर्च कागदावरच्या अंदाजाच्या आसपासच आला आणि थोडे पैसे उरले. नवशिक्यांनी हा हिशेब करताना हेल्मेटचे पैसे सायकलीच्या रकमेतून आधीच बाजूला काढावेत, आणि हेल्मेट मात्र जुने घेऊ नये. आतला फोम एका आपटीत दबून आपले काम करून जातो आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. हवा भरण्याचा एक छोटा मुद्दा राहिला. माझ्या ट्यूबचे वॉल्व्ह मोटारसायकलसारखे जाड आहेत, त्यामुळे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. काही सायकलींना बारीक, वर पेच असलेले प्रेस्टा वॉल्व्ह असतात, त्यांना छोटा ॲडॉप्टर जवळ ठेवावा लागतो. पंपावरच्या मुलाला दाब आपणच सांगावा, कारण रोडच्या सायकलीइतकी हवा कच्च्या रस्त्यावर चाक उडवते. माझ्या वजनाला आणि २७.५ इंची टायरला ३० ते ३५ पीएसआय बरोबर बसते, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त.

सध्या ती सायकल आठवड्याच्या शेवटी खडकवासल्याच्या पुढे जाते आणि चढांवर मला अजून दम लागतो. नवी चेन घातली त्या दिवशीची तारीख मी त्याच मुलाच्या पिशवीतल्या एका पावतीच्या मागे लिहून ठेवली आहे, आणि पावसाळा संपला की पट्टी लावून ती पुन्हा मोजायची आहे. फोर्क त्याआधी एकदा उघडून घ्यावा लागेल, कारण पावत्यांमध्ये त्याचा उल्लेख कुठेच नाही.